अब्बा, बाइक कधी घ्यायची?

दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी आमच्या घरात पेढ्याचा बॉक्स उघडण्याआधी एक प्रश्न आला, "अब्बा, आता बाइक कधी घ्यायची?" घरी आम्ही दख्खनी बोलतो, इथे मराठीत लिहितो आहे, पण हा प्रश्न कोणत्याही भाषेत बापाला सारखाच जड जातो. जूनमध्ये आलेला हा पाहुणा जानेवारीपर्यंत रोज रात्री आमच्या दस्तरखानावर येऊन बसत होता.

चिरंजीव सोळा वर्षांचे. कॉलेज नगरला. भिंगारहून चार-पाच किलोमीटर. त्याचे म्हणणे असे की वर्गातले निम्मे मुलगे गाडीवर येतात. ते खरेही आहे. कोणी वडिलांची गाडी आणतो, कोणी थोरल्या भावाची. कोणाच्या अम्मीने भिशीचे पैसे उचलून पोराला गाडी घेऊन दिली आहे. आपल्या मोहल्ल्यांत मुलगा मोठा झाला हे दाखवण्याचे दुसरे साधन जणू उरलेलेच नाही.

माझा नकार मात्र पक्का होता, आणि त्याचे कारण घरात सगळ्यांना माहीत होते. दोन वर्षांपूर्वी मी एका सतरा वर्षांच्या मुलाच्या जनाज्याला खांदा दिला. सातवीत तो माझ्याकडे उर्दू शिकत होता. त्याचा 'ऐन' कधी नीट वळला नाही, मी दर वेळी लाल शाईने वळवून द्यायचो. कब्रस्तानातून परतताना त्याच्या वडिलांच्या मुठीत गाडीची किल्ली होती. रुग्णालयात कोणीतरी ती त्यांच्या हातात दिली असावी. ती त्यांच्याकडून कोणी मागून घेतली नाही आणि त्यांनीही खिशात टाकली नाही. ती मूठ मला अजून दिसते.

म्हणून मी घरात कायदा सांगत असे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. १८ वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. मुलगाही कमी नाही. तो म्हणायचा, "सोळाव्या वर्षी लायसन्स मिळते, अब्बा." मिळते, पण बिनगिअरच्या आणि ५० सीसीपर्यंतच्या गाडीचे, तेही पालकांच्या संमतीने. त्याला हवी असलेली गाडी याच्या तिप्पट ताकदीची. मग मी बोलत राहायचो, तो ताटाकडे बघत राहायचा आणि शेवटी उठताना म्हणायचा, "तुम्ही नेहमी लेक्चरच देता."

तोडगा त्याच्या अम्मीने काढला. "रविवारी दोघे सायकली घेऊन कुठेतरी जाऊन या. दिवसभर. घरात बसून भांडू नका, माझे डोके उठते." ठरले. माझी अट एकच : परत येईपर्यंत बाइकचा विषय काढायचा नाही. त्याने लगेच आपली अट घातली, "मग तुम्हीपण लेक्चर द्यायचे नाही. मी विचारले तरच सांगायचे." सौदा बरोबरीचा होता. मी कबूल केला, आणि तो किती महाग आहे हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

शनिवारी रात्री अंगणात सायकली उलट्या करून ठेवल्या. माझी काळी २२ इंची, वीस वर्षांची. त्याची गिअरची, आठवीत घेतलेली, गेले वर्षभर जिन्याखाली धूळ खात पडलेली. चेनला तेल दिले, ब्रेकची रबरे पाहिली, हवा भरली. पिशवीत पंप, पाना, सोल्युशनची ट्यूब, पॅच आणि पॉलिश पेपरचा तुकडा. अम्मीने डब्यात ज्वारीच्या भाकरी, मेथीची भाजी, तळलेल्या मिरच्या आणि गाजराचा हलवा दिला. धाकटी सातवीत आहे. ती दारात उभी राहून हे सगळे बघत होती आणि काही बोलत नव्हती.

फजरनंतर चहा घेऊन निघालो तेव्हा सूर्य नुकता वर येत होता. जानेवारीतली नगरची थंडी, हँडल धरलेली बोटे बधिर. आलमगीर मागे पडले. औरंगजेब बादशहा १७०७ साली इथल्या छावणीत वारला आणि दफनासाठी त्याला खुलताबादला नेले, हे सांगायला माझी जीभ वळवळत होती. पण मुलाने काही विचारले नाही, म्हणून मीही गप्प राहिलो.

पाथर्डी रस्त्यावरचे पहिले आठ-नऊ किलोमीटर फारसे सुखाचे नाहीत. मोठा रस्ता, ट्रक, एसटी, ऊस भरलेले ट्रॅक्टर. आम्ही कडेने, एकामागे एक चाललो. मी मागे राहिलो, कारण मुलगा नजरेसमोर हवा. त्याची पाठ अशी तासभर मी कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. खांदे रुंद झाले आहेत. मान वळवून मागचा ट्रक बघण्याची त्याची पद्धत हुबेहूब माझ्या वडिलांसारखी आहे.

शहापूरजवळ चांदबीबी महालाचा रस्ता वर चढू लागतो. वळणावळणाचा चढ. मुलगा गिअर टाकून पुढे निघून गेला. मी तिसऱ्या वळणाला उतरलो आणि सायकल ढकलू लागलो. पंचेचाळिशीचे गुडघे आहेत, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पुढच्या वळणावर बघतो तर तोही उतरून उभा. "दमलास?" "नाही, तुमच्यासाठी थांबलो." पुढचा सगळा चढ आम्ही शेजारी शेजारी सायकली ढकलत चढलो. तेव्हा तो हळूहळू बोलायला लागला. कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या तासाला काही कळत नाही, हात वर करायची लाज वाटते, कारण बाकीचे सगळे क्लासला शिकून येतात. मी मास्तर माणूस. ओठांवर दहा उपाय आले. पण त्याने उपाय विचारला नव्हता. मी "हं" म्हटले आणि सायकल ढकलत राहिलो. त्या एका "हं"वर तो आणखी अर्धा किलोमीटर बोलला.

वर पोहोचलो. भला मोठा चौथरा आणि त्यावर आठ कोनांची, तीन मजली, घुमटाची दगडी इमारत. नगरची पोरे सहलीला इथेच येतात. वाऱ्यात डबा उघडला, अर्ध्या भाकरी खाल्ल्या. मग त्याने पहिला प्रश्न विचारला, "ही कबर चांदबीबीची आहे ना?"

नाही. ही सलाबतखानाची कबर. मुर्तजा निजामशहाचा हा वजीर १५८९ साली वारला. चांदबीबीने नगरचा किल्ला लढवला तो त्यानंतर, १५९५-९६च्या वेढ्यात, अकबराचा मुलगा मुराद चालून आला तेव्हा. पुढे १६०० साली तिला तिच्याच लोकांनी मारले.

"मग हिचे नाव का?"

"लोकांना ती आवडली म्हणून," मी म्हणालो. दुसरे कारण मला सांगता आले नाही. ज्याने बांधले त्याचे नाव मागे पडले, जी लढली तिचे राहिले. मुलगा कठड्यावर बसून बराच वेळ खाली बघत होता. एकीकडे नगर, त्याला चिकटलेले आपले भिंगार, छावणीची झाडे; दुसरीकडे ज्वारीचे पिवळट आणि कांद्याचे गडद हिरवे तुकडे. मग म्हणाला, "त्याने इतक्या उंचावर बांधले ते आपली सगळी कामे वरून दिसावीत म्हणून असेल." हे मला पंचवीस वर्षांत सुचले नव्हते. दर वर्षी सहल घेऊन येतो, मुलांना ओळीत उभे करतो, सन सांगतो आणि खाली आणतो.

उतारावर त्याला पुढे जाऊ दिले, फक्त सांगितले की दोन्ही ब्रेक सारखे दाब, एकटा पुढचा दाबू नकोस. विचारले नव्हते, पण एवढी सूट त्याने दिली. खाली बाराबाभळीच्या परिसरात आलो आणि गावाने आपले नाव सार्थ केले : त्याच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा. फुस्स.

पंक्चर काढायला आम्ही लिंबाखाली बसलो. मी काढून देणार होतो, तो म्हणाला, मी करतो. पान्याच्या मागच्या टोकाने टायर उचकटला, ट्यूब ओढून काढली. पंपाने हवा भरून ट्यूब गालाजवळ फिरवली, तेव्हा भोक सापडले. पॉलिश पेपरने घासले, सोल्युशन लावले आणि लगेच पॅच चिकटवला. हवा भरली तशी पॅच एका बाजूने उचलला गेला. "सोल्युशन खराब आहे," तो म्हणाला. मी ट्यूब हातात घेतली, पुन्हा घासले, पुन्हा लावले आणि त्याला म्हटले, आता सुकू दे. चार-पाच मिनिटे आम्ही काहीच न करता बसलो. समोरून शेळ्यांचा कळप गेला. मग पॅच बसवला, दगडाने ठोकला, आणि तो घरापर्यंत टिकला.

मेहेकरीच्या बाजूने मोठा रस्ता सोडून आम्ही दक्षिणेला भातोडीकडे वळलो आणि सायकलीचा खरा आनंद तिथे सुरू झाला. दोन्ही बाजूंना कणसात आलेली ज्वारी, मधूनच हरभरा, कांद्याच्या वाफ्यांत खुरपणाऱ्या बाया. रस्ता एवढाच की समोरून बैलगाडी आली तर आपण उतरायचे. हॉर्न नाही. चेनचा आवाज, होल्यांचा आवाज आणि आमचे बोलणे. मी त्याला माझ्या लहानपणी सायकल तासाला एक रुपया भाड्याने मिळायची ते सांगितले. नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकलो आणि ज्या दिवशी सीटवर बसलो त्या दिवशी थेट नाल्यात गेलो. हे त्याने विचारले होते, म्हणून लेक्चरात धरले नाही.

भातोडीजवळ एका शेतात धूर दिसला. हुरड्याची आगटी. बांधावरच्या आजोबांनी हाक मारली, "कुठलं पाव्हणं?"

"भिंगारचे."

"आन् सायकलवर? गाडी न्हाई का?"

मी काही बोलायच्या आत चिरंजीव म्हणाले, "अब्बा घेऊन देत नाहीत."

अट मोडली होती, पण आजोबा इतके हसले की मलाही हसू आले. मग कणसे चोळता चोळता ते गंभीर होऊन म्हणाले, "म्या नातवाला दिली घेऊन. आता रातीला तो येईस्तोवर डोळ्याला डोळा लागत न्हाई. त्याची आजी दारात, मी खाटंवर." ते मुलाकडे न बघता बोलले. मुलगा हुरड्याकडे बघत होता. गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, वर ताक. पैसे देऊ केले तर आजोबा रागावले.

त्यांनीच भातोडीची गोष्ट काढली. इथे १६२४ साली मोठी लढाई झाली. एका बाजूला दिल्लीची मुघल फौज आणि विजापूरची आदिलशाही फौज, दुसऱ्या बाजूला निजामशाहीचा मलिक अंबर. अंबर हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनेत आला आणि आपल्या अकलेवर निजामशाहीचा कारभारी झाला. समोरासमोर लढला असता तर हरला असता. त्याने भातोडीच्या तलावाचे पाणी सोडून दिले. शत्रूच्या छावणीभोवती चिखल झाला, तोफा आणि जनावरे रुतली, मग रात्रीचे छापे, आणि मोठी फौज मोडली. शहाजीराजे या लढाईत अंबराच्या बाजूने होते. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी इथेच पडले. त्यांची समाधी भातोडीत आहे. आजोबा म्हणाले, "दोघा भावांची नावं तुमच्या नगरच्या शाह शरीफ बाबांवरनं हायेत, ठावं हाय का?" मालोजीराजांनी मुलांची नावे तशी ठेवली, ही परंपरा जुनी आहे. मुलाने माझ्याकडे पाहिले. हे तो दहावीपर्यंत इतिहास शिकून ऐकत नव्हता, आणि ऐकले ते डोक्याला टापर बांधलेल्या एका शेतकऱ्याकडून.

जोहरची वेळ झाली होती. आजोबांनी ठिबकच्या पाइपाची तोटी सोडून दिली. मुलगा तोटी मोठी करू लागला, तेव्हा मी ती हाताने लहान केली. नदीच्या काठी बसून वुजू केला तरी पाणी उधळू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण, इथे तर जानेवारीतच विहिरी खाली जाऊ लागतात. मुलाने हळूच विचारले, "आपण मुसाफिर आहोत ना? मग दोनच रकात?" मी म्हटले, आपल्या हनफी किताबांत ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर दूर जायचे असेल तर माणूस मुसाफिर, आपण घरापासून वीस किलोमीटरही आलो नाही. "म्हणजे एवढे पाय दुखून पण पूर्ण चार?" पूर्ण चार.

नमाजनंतर तलावाच्या बांधावर जाऊन बसलो. पाणी होते, कडेला बगळे होते. हा तलावही निजामशाहीतला, सलाबतखानाचे नाव त्याच्याशी जोडले जाते. मुलगा पाण्यात खडे टाकत होता. पाच-सहा खडे झाल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाला, "अब्बा, माझे कोपर क्रिकेटमध्ये फुटले नव्हते."

मला काही क्षण संदर्भ लागला नाही. मग आठवले. दिवाळीच्या सुट्टीत तो कोपर सोलून घरी आला होता. मैदानात पडलो म्हणाला. त्याच्या अम्मीने हळद भरली, मी "बघून खेळ" म्हटले आणि वर्तमानपत्र वाचत राहिलो.

तो मित्राच्या गाडीवर होता. गाडी तो स्वतः चालवत होता. मागे दोघे. संध्याकाळी पाथर्डी रस्त्यावर खडीवर चाक घसरले आणि तिघे पडले. मागून ट्रक येत होता, त्याने वळवून घेतला. "ड्रायव्हर उतरला आणि खूप शिव्या दिल्या. मग त्यानेच बाटलीतले पाणी दिले."

सकाळी आम्ही दोघे त्याच रस्त्याने आलो होतो. त्या जागेवरून जाताना तो माझ्या पुढे होता, आणि मला काही कळले नव्हते.

मी विचारले, "घरी का नाही सांगितलेस?"

"तुम्ही ओरडला असता."

वाचकहो, मी शाळेत दर पालक सभेत सांगतो की मुलांशी बोला, त्यांचे मित्र व्हा. वीस वर्षे सांगतो आहे. आणि माझ्या मुलाला ट्रकपेक्षा माझी भीती जास्त वाटत होती. त्या किल्लीची मूठ आठवून मी सात महिने जे बोलत होतो, ते सगळे त्या अपघाताआधी आणि नंतर त्याच्या कानावर पडतच होते. त्याने त्याचा जीव वाचला नाही. जीव अल्लाहने वाचवला, आणि एका अनोळखी ड्रायव्हरने. माझ्या बोलण्याने एवढेच झाले की तो जखम घेऊन घरी आला आणि खोटे बोलला.

मला ओरडायचे होते. नाकारत नाही. हात थरथरत होते. पण अट होती, आणि समोर पाणी होते, आणि तिथे उठून निघून जाण्यासारखी दुसरी खोली नव्हती. मी म्हटले, "अजून दुखते का?" तो म्हणाला, "थंडीत जरा." मी त्याचे कोपर हातात घेऊन पाहिले. मग आम्ही उरलेला हलवा खाल्ला.

परतीची वाट टाकळी काझीवरून. शेतरस्त्याने जाऊन जामखेड रस्त्याला लागलो. वारा समोरून, पाय जड. मोठा रस्ता आला की पुन्हा एकामागे एक. आता तो मला म्हणाला, "तुम्ही पुढे व्हा, मी मागे राहतो." एका टपरीवर दोन दोन कप चहा झाला. निंबोडी, दरेवाडी मागे पडली. घर जवळ आले तसे त्यालाच वाकड्या वाटेने जावेसे वाटले, म्हणून फराहबागेकडे वळलो. एकेकाळी पाण्याच्या मधोमध असलेला हा आठ कोनांचा महाल १५८३च्या सुमारास पुरा झाला. आता भोवती पाणी नाही, गवत आहे. "हा कोणी बांधला?" शेवटी पुरा केला तो सलाबतखानाने, मी म्हणालो. "हा माणूस आज आपल्याला सोडतच नाही," मुलगा म्हणाला. सकाळी त्याची कबर, दुपारी तलाव, आता बाग. आमचा सगळा फेरा एका माणसाच्या कामांभोवती झाला होता, आणि ते सकाळी निघताना आम्हाला माहीत नव्हते.

मगरिबच्या अजानीला घरी पोहोचलो. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर झाले असतील. मोटरसायकलवर दोन तासांचे काम, आम्हाला अकरा तास लागले.

रात्री त्याने अम्मीला कोपराची गोष्ट स्वतः सांगितली. ती रडली, मग रागावली, मग पुन्हा हळद घेऊन आली, जखम भरून दोन महिने झाले तरी. मी मधे बोललो नाही.

झोपण्याआधी मी सूरह लुकमान उघडली. हजरत लुकमानने मुलाला केलेला उपदेश आपण सगळेच मुलांना ऐकवतो : जमिनीवर ऐटीत चालू नकोस, चाल मध्यम ठेव, आवाज खाली ठेव. सायलेन्सर काढून मोहल्ल्यातून गाडी पळवणाऱ्या पोरांना मी ही आयत कितीदा ऐकवली असेन. गाढवाच्या आवाजाचा उल्लेख तर मी विशेष जोराने करतो! पण त्या रात्री माझी नजर दुसऱ्याच शब्दावर थांबली. त्या उपदेशात तीन वेळा "या बुनय्या" येते. अरबीत मुलाला हाक मारायचे हे लाडाचे रूप आहे. आपण 'माझ्या सोन्या' म्हणतो तसे. आधी ती हाक, मग उपदेश. मी सात महिने उपदेश तेवढा पोहोचवला होता, हाक गाळून. आणि 'आवाज खाली ठेव' हे मुलाला सांगताना माझा स्वतःचा आवाज किती वर होता, हे शेजाऱ्यांना विचारा.

आता बाइकचे काय? ते सांगायलाच हवे, नाहीतर तुम्ही पत्रे लिहून विचाराल. मुलाने मागणी मागे घेतलेली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बसून वहीत लिहिले : अठरा पूर्ण झाल्यावर, पक्के लायसन्स आल्यावर, हेल्मेट आधी आणि गाडी नंतर, अर्धे पैसे त्याने सुट्टीत काम करून जमवायचे. तोवर कॉलेजला सायकल. मित्राच्या गाडीवर बसलाच तर घरी येऊन सांगायचे आणि मी ओरडायचे नाही. शेवटचे कलम त्याने घातले आणि माझी सही घेतली. ते पाळणे मला त्याच्यापेक्षा जड जाणार आहे.

तुम्हाला एवढेच सुचवतो. ज्या घरात हा प्रश्न रोज दस्तरखानावर येतो, त्या घरातल्या बापाने एक रविवार काढावा. नवी सायकल लागत नाही; शेजाऱ्याची चालेल, ब्रेक तेवढे तपासा. थंडीचे दिवस बरे, उन्हाळ्यात दहाच्या आत घरी या. मोठ्या रस्त्यावर एकामागे एक चाला आणि लवकर तो रस्ता सोडा. पाणी भरपूर, पंक्चरचे सामान सोबत, नमाजच्या वेळा धरून थांबे ठरवा. आणि जमले तर आमची अट घालून घ्या : विचारले तरच बोलायचे. मास्तर, मौलवी आणि वकील असलेल्या बापांना ती विशेष अवघड आहे.

एक गोष्ट राहिली. त्या रात्री आम्ही पाय चेपत बसलो होतो तेव्हा धाकटी समोर येऊन उभी राहिली. "भाईजानला बाइक मागितली म्हणून फिरायला नेले. मी काही मागितले नाही म्हणून घरी?" माझ्याकडे उत्तर नव्हते. तिच्या अम्मीने दिले. "पुढच्या रविवारी बुऱ्हाणनगरपर्यंत. मीपण येते. शाळेत असताना मी रोज सायकलने जात होते, तुझ्या अब्बांना माहीत नाही."

मला खरेच माहीत नव्हते. लग्नाला अठरा वर्षे झाली.

जिन्याखालची तिसरी सायकल आज दुरुस्तीला टाकली आहे. इन्शाअल्लाह, रविवारी निघू.